बाबांची कॅप्सूल, आईची ड्यूटी

शुक्रवारची विरार फास्ट. दादरला कसंबसं आत शिरायचं, सॅक पोटाशी धरायची आणि बोरिवली जाईपर्यंत एका पायावर उभं राहायचं. सॅकमध्ये लॅपटॉप, रिकामा डबा, चार्जर आणि... एक गुळगुळीत पांढरी बाटली. नाव काहीतरी 'मेमरी'वालं. साठ कॅप्सूल. त्या किमतीत एक बऱ्यापैकी जीन्स आली असती. ऑफिसमधल्या कुणीतरी सुचवलेली, फॅमिली ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड केलेली. कुणाच्या तरी काकांना म्हणे त्याने 'खूप फरक' पडला. बाबांना अल्झायमर आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून दर महिन्याला अशी एखादी बाटली घरी येतेच.

घरी पोहोचल्यावर तुम्ही ती टेबलावर ठेवता. आई चष्मा लावून लेबल बघते आणि हळूच विचारते, "याने त्यांचा संशय जाईल का रे?"

गोची नेमकी इथेच आहे, मंडळी! आपण आठवणीची गोळी शोधत असतो आणि आईला हवी असते वागणुकीची. बाबांना नातवाचं नाव आठवत नाही याचं वाईट वाटतं, पण तिने ते मनाशी मान्य केलेलं असतं. तिची झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस रात्री अडीचला उठून म्हणतो, "माझे पैसे तूच चोरलेस." त्यावर कुठल्या बाटलीत काय आहे?

आज त्याचाच हिशेब मांडू या.

पहिली केस एका रेल्वे कारकुनाच्या घरातली

अल्झायमर म्हणजे विसरणं, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण ज्या बाईच्या आजारावरून हे नाव पडलं, तिची गोष्ट विसरण्यापासून सुरूच झाली नव्हती. १९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. त्याला सगळ्यात आधी खटकला तो तिचा संशय. साधा, सरळ संसार चाललेला असताना ती अचानक नवऱ्यावर शक घ्यायला लागली. मग स्वयंपाकात गोंधळ, वस्तू भलत्याच ठिकाणी लपवून ठेवणं, घरभर कारण नसताना फिरणं. आठवण जातेय हे त्या सगळ्या गोंधळातून पुढे उघड होत गेलं.

तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती गेली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याच वर्षी त्यांनी ही केस डॉक्टरांच्या सभेत मांडली. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

म्हणजे बघा, या आजाराच्या पहिल्याच केसमध्ये जोडीदारावरचा संशय होता. आणि तो पहिल्यांदा झेलला तो एका रेल्वेवाल्या जोडीदाराने. लोकलवर जगणाऱ्या आपल्या गावाला हे नातं जवळचं वाटायला हरकत नाही!

"अगं, घरी चल ना!"

वसई-विरारमध्ये हा आजार कसा दिसतो? एक नेहमीचं चित्र घेऊ. समजा, बाबा गिरगावच्या चाळीत वाढले, तिथेच लग्न झालं, मुलं झाली. जागा पुरेना म्हणून कुटुंब विरारला फ्लॅटमध्ये आलं. आता बाबा रोज संध्याकाळी साडेसहाला शर्ट-पॅंट घालून दारात उभे. "चल, घरी जाऊ. उशीर झाला." आई म्हणते, "अहो, हेच आपलं घर." बाबा चिडतात. आई समजावते. बाबा अजून चिडतात. रात्री जेवणाच्या ताटावरून, "यात काय घातलंयस?" आणि मग कडेलोट: "तू कोण? माझी बायको कुठे आहे?"

हे नाटक नसतं आणि 'म्हातारपणीचा हट्ट' तर अजिबात नसतो. या आजारात ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या बऱ्याच काळ टिकतात. बाबांच्या डोक्यातलं घर म्हणजे ती चाळ. त्यांच्या डोक्यातली बायको म्हणजे तिशीतली, लांब वेणीवाली. समोरची पांढऱ्या केसांची बाई तिच्याशी जुळत नाही. पाकीट कुठे ठेवलं ते आठवत नाही. मेंदू ती रिकामी जागा आपल्या परीने भरून टाकतो: कुणीतरी चोरलं. घरात दुसरं आहेच कोण? आई! म्हणून सगळ्यात जास्त करणाऱ्या माणसावरच सगळ्यात जास्त आरोप होतात.

दिवस मावळताना हे सगळं वाढतं. दिवसभराचा थकवा, अंधुक उजेड, लांब सावल्या आणि बिघडलेलं झोपेचं घड्याळ... इंग्रजीत याला 'सनडाउनिंग' म्हणतात. नेमक्या त्याच वेळी तुम्ही-आम्ही अंधेरी ते भाईंदरच्या मध्ये कुठेतरी लटकत असतो. म्हणजे बाबांचा सगळ्यात कठीण तास रोज आई एकटीच काढते. आपण पोहोचतो तेव्हा बाबा दमून झोपलेले किंवा टीव्हीसमोर शांत बसलेले. "बरे दिसतायत की!" असं आपण म्हणतो, आणि आई काहीच बोलत नाही.

हे एखाददुसऱ्या घरातलं नाही बरं का. देशभरातल्या पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगतात. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात मोठा प्रकार. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं. तेव्हा या लेखात जिथे 'बाबा' आहे तिथे खुशाल 'आई' वाचा. मग आयुष्यात स्वतःचा चहाही न केलेले बाबा तिची वेणी घालतायत, असं दृश्य दिसेल. ते तर आणखी कठीण.

बाटल्यांचं प्रगतिपुस्तक

आता येऊ टेबलावरच्या बाटल्यांकडे. एकेकीचे मार्क बघू या.

*जिंको बायलोबा:* 'मेमरी'वाल्या बाटल्यांमधला सुपरस्टार. अमेरिकेत पंचाहत्तरीच्या पुढच्या ३०६९ लोकांवर मोठी चाचणी झाली. अर्ध्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. निकाल २००८ मध्ये आला. डिमेन्शिया टाळण्यात काडीचा फरक नाही.

*ओमेगा-३:* 'मासे खाणारे हुशार असतात' हे वाक्य आपल्या किनारपट्टीला ऐकायला भारी वाटतं. पण अल्झायमर झालेल्या ४०२ जणांना १८ महिने रोज दोन ग्रॅम डीएचए देऊन पाहिलं, तेव्हा घसरण काही मंदावली नाही. ही चाचणी २०१० ची. बोंबील, बांगडा आवडतो म्हणून जरूर खा, पण कॅप्सूलकडून चमत्कार मागू नका.

*बी-१२:* हा विद्यार्थी जरा वेगळा आहे. शरीरात बी-१२ खरोखरच कमी असेल तर विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी, क्वचित भ्रमसुद्धा होतो, आणि वेळेवर भरपाई केली तर यातलं बरंच सुधारू शकतं. शाकाहारी घरात, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या खाणाऱ्यांत ही कमतरता दिसते. म्हणून बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी हवीच. पण पातळी ठीक असेल तर वरून ओतलेलं जीवनसत्त्व आजार थोपवत नाही. २००८ मध्ये ४०९ रुग्णांवरच्या चाचणीत फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ चे मोठे डोस १८ महिने दिले. बुद्धीची घसरण तशीच राहिली. उलट, गोळ्या घेणाऱ्या गटात नैराश्याच्या तक्रारी जास्त निघाल्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*व्हिटॅमिन ई:* वर्गातला काठावर पास झालेला एकमेव मुलगा. २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या ६१३ रुग्णांपैकी ज्यांना रोज २००० युनिट व्हिटॅमिन ई मिळालं, त्यांची कपडे घालणं, आंघोळ, खाणं-पिणं अशी रोजची कामं थोडी हळू घसरली. स्मृती मात्र सुधारली नाही. शिवाय हा डोस फार मोठा आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाची भीती. तेव्हा हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, दुकानातून आपलं आपण नाही.

*हळद आणि ब्राह्मी:* दोन्ही आपल्या घरच्या, त्यामुळे विश्वास आपोआप बसतो. हळदीतल्या कर्क्युमिनवर आजार झालेल्यांमध्ये छोट्या चाचण्या झाल्या, ठोस फायदा दिसला नाही. ब्राह्मीवरचे बरेचसे प्रयोग धडधाकट माणसांवरचे, छोटे आणि थोड्या दिवसांचे. त्यावरून अल्झायमरच्या रुग्णाबद्दल काही ठामपणे सांगता येत नाही. आमटीत हळद घाला, केसांना ब्राह्मीचं तेल लावा. रोगावरचं औषध म्हणून त्यांची महागडी कॅप्सूल घेण्याइतका पुरावा नाही.

आणि एक मजा बघा. बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा. भारतात हेल्थ सप्लिमेंटच्या लेबलवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापावं लागतं. शिवाय मेंदूच्या आजारांवर इलाज म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणूनच बाटलीवर 'अल्झायमर बरा करतो' असं कधी लिहिलेलं नसतं. 'सपोर्ट', 'शार्प', 'फोकस' असे गोलमोल शब्द असतात. बाकीचं वाक्य आपण काळजीपोटी मनातल्या मनात पूर्ण करतो!

खोबरेल तेलाची गोष्ट

वसईच्या वाड्यांमध्ये नारळाला तोटा नाही, त्यामुळे हा फॉरवर्ड आपल्याकडे हमखास फिरतो: 'रोज दोन चमचे खोबरेल तेल, अल्झायमर गायब!'

यामागे एक खरीखुरी बायको आहे. मेरी न्यूपोर्ट, अमेरिकेतल्या फ्लोरिडातली नवजात बाळांची डॉक्टर. नवरा स्टीव्ह याला ऐन पन्नाशीत अल्झायमर झाला. २००८ मध्ये तिने त्याच्या नाश्त्यात खोबरेल तेल घालायला सुरुवात केली. डोक्यामागचा फंडा असा: आजारी मेंदूला साखर वापरणं जड जातं, तेलातल्या काही स्निग्धांशांपासून यकृतात 'कीटोन' बनतात, ते मेंदूला पर्यायी इंधन म्हणून चालतील. स्टीव्हला घड्याळाचं चित्र काढायला सांगतात त्या चाचणीत सुधारणा दिसली. तो जास्त बोलायला लागला, हसायला लागला. तिने पुस्तक लिहिलं आणि गोष्ट जगभर गेली.

फॉरवर्डमध्ये नसतो तो शेवट. आजार पुढे सरकतच राहिला आणि २०१६ मध्ये स्टीव्ह गेला. मोठ्या, नीट आखलेल्या चाचणीत खोबरेल तेलाने अल्झायमर थांबतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही, आणि त्यात संपृक्त चरबी भरपूर असल्याने कोलेस्टेरॉलची काळजी वेगळीच.

मेरीला हसू नका. नवरा डोळ्यांदेखत विरघळतोय आणि आपण डॉक्टर असूनही काही करू शकत नाही, अशा वेळी कुणीही स्वयंपाकघरातला डबा उघडेल. शिवाय तिने तेलासोबत दुसरीही एक गोष्ट दिली होती. रोज सकाळी समोर बसून, बारीकसारीक बदल टिपत दिलेलं लक्ष. तेलाच्या फॉरवर्डमध्ये ते येत नाही, कारण ते विकता येत नाही.

बाटलीच उलटली तर?

'फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?' हा आपला लाडका युक्तिवाद. पण साहेब, तोटा होऊ शकतो, आणि तो वागणुकीतच दिसू शकतो.

बी जीवनसत्त्वांच्या चाचणीतलं नैराश्य आठवतंय? शिवाय जिंको आणि ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या एकत्र आल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अश्वगंधाने गुंगी येऊ शकते, थायरॉइडची पातळी हलू शकते, क्वचित यकृतालाही इजा होते. 'एनर्जी'वाल्या मिश्रणात कॅफीन किंवा जिनसेंग असेल तर आधीच तुटलेली झोप पार उडते, आणि झोप उडालेल्या बाबांची संध्याकाळ कशी जाते ते आईला विचारा. धातूंची भस्मं असलेली, कुठूनतरी पुडीत आलेली औषधं तर नकोच. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. शिसं स्वतःच मेंदू बिघडवतं.

डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचंही असंच. डोनेपेझिल रात्री घेतल्यावर काहींना भयंकर स्वप्नं पडतात. वेळ सकाळची केली की बरेचदा भागतं. पण वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच.

आणि सगळ्यात मोठा तोटा कुठल्याच लेबलवर नसतो. ज्या माणसाला वाटतंय की बायको आपल्याला विष घालतेय, त्याच्यासमोर ती दिवसातून चौथ्यांदा गोळी घेऊन उभी राहते. "हे काय?" "औषध आहे." "कसलं?" "मुलाने आणलंय." मग थुंकणं, ढकलणं, रडणं. तुमच्यासाठी ती एक कॅप्सूल असते. आईसाठी ते रोजचं एक जादा भांडण असतं. आणि त्या भांडणात बीपीची, शुगरची, खरोखर गरजेची गोळीही राहून जाते!

डिटेक्टिव्ह व्हा, बॉस

मग करायचं काय? वागणूक बिघडली की ती 'आजारच तसा' म्हणून सोडून देऊ नका. ज्याला शब्दांत सांगता येत नाही, तो वागण्यातून सांगतो. आपलं काम ते सांगणं उलगडायचं.

एक साधी वही घ्या. तीन रकाने. काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि कशाने शांत झालं. दोन आठवडे आईने, मावशीने, तुम्ही, ज्याला जमेल त्याने लिहायचं. पॅटर्न दिसायला लागतो. आंघोळीच्या वेळीच आरडाओरडा? पाणी गार असेल, उघडं व्हायची लाज वाटत असेल, ओल्या फरशीची भीती वाटत असेल. जेवताना चिडचिड? कवळी टोचत असेल. आरोप जास्त वाढलेत? कानाचं मशीन बंद पडलं असेल. दोघं हळू बोलताना दिसतात पण ऐकू येत नाही, तेव्हा आपल्याचबद्दल बोलतायत असं कुणालाही वाटेल. रात्री आरशात 'कुणीतरी माणूस' दिसतो? आरशावर चादर टाका. संध्याकाळचा गोंधळ? दिवे साडेपाचलाच लावा, दुपारची झोप आटोक्यात ठेवा, चार वाजल्यानंतर चहा-कॉफी कमी करा.

पोट साफ नसणं, गुडघेदुखी, तहान, लघवीचा संसर्ग... या चार गोष्टी तर कायम संशयितांच्या यादीत ठेवा. आणि ही एक ओळ फ्रिजवर चिकटवा: एक-दोन दिवसांत वागणूक एकदम बदलली, माणूस खूप गुंगीत किंवा खूप बेचैन झाला, तर तो अल्झायमर 'वाढला' असं समजून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अल्झायमर हळूहळू चढतो. झटक्यात होणाऱ्या बदलामागे बहुतेक वेळा संसर्ग, नवं औषध, पाण्याची कमतरता किंवा डोक्याला लागलेला मार असं दुसरं कारण असतं, आणि त्यावर उपचार असतात.

मेडिकलवाल्याकडून 'शांत राहायची' गोळी आणून देणं तर साफ बंद. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये अशा मानसोपचाराच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिलाय. कधीकधी ती लागतात, पण तज्ज्ञांनी, थोड्या काळासाठी, कारण पाहून द्यायची.

आणि वाद? जिंकून काय मिळणार? "हेच आपलं घर" हे खरं असलं तरी बाबांच्या कानाला ते खोटंच लागतं. त्यापेक्षा, "हो, जाऊ या. आधी चहा घेऊ. चाळीत गणपतीला काय मजा यायची हो!" असं म्हणून बघा. ते घराचा पत्ता विचारत नसतात, घरी वाटायचं ते वाटणं मागत असतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) पाहिला नसेल तर या वीकेण्डला पाहा. डॉ. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे विद्वान आहेत. स्मृती गेलेला हा माणूस एका हत्तीच्या मागे भरकटत निघून जातो. त्याला सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माकडे ना औषध, ना शिक्षण. ती त्याची परीक्षा घेत नाही, "मला ओळखलंत का?" विचारत बसत नाही. लेकराला भरवावं तसं भरवते. आपण घरी शिरल्याशिरल्या पहिला प्रश्न काय विचारतो, ते आठवा!

विरारला राहताना

आपल्या पट्ट्याचे काही खास धोके आहेत आणि काही खास सोयीही.

धोका नंबर एक, स्टेशन. तीस वर्षं रोज ८.०४ पकडलेल्या माणसाचे पाय सवयीने स्टेशनकडे वळू शकतात. विरारला चढला तर थेट चर्चगेट. म्हणून खिशात नाव आणि तुमचा नंबर असलेली चिठ्ठी किंवा हातात तसं कडं हवंच. ताजा फोटो मोबाइलमध्ये. बिल्डिंगचा वॉचमन, नाक्यावरचा रिक्षावाला, किराणावाला, तिघांना स्पष्ट सांगून ठेवा: "बाबा एकटे दिसले तर आधी चहा पाजा, मग मला फोन करा." लाज कसली? लपवलं तर शोधणारे कमी, सांगितलं तर अख्खा नाका पहारेकरी.

सोय अशी, की इथे अजून मोकळी जागा आहे. निर्मळचा तलाव आहे, अर्नाळ्याचा किनारा आहे, गास-गिरीजच्या बाजूला सावलीचे रस्ते आहेत. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने, बरोबर कुणीतरी असताना चालणं. याने रात्रीची झोप सुधारायला आणि संध्याकाळची बेचैनी उतरायला मदत होते. जुनी भजनं, नाट्यगीतं, चर्चमधली गाणी, जे ज्यांचं असेल ते लावा. शब्द हरवलेली माणसं कित्येकदा गाणी बरोबर म्हणतात.

आणि आपण एकटेही नाही. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला राजोडीत 'सिल्व्हर इनिंग्ज'ने 'स्नेहांजली' हे वृद्धांसाठीचं केंद्र उभारलं, तेही डिमेन्शियाच्या रुग्णांना धरून. 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९९२ पासून देशभर काम करते. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि सांभाळणाऱ्याचंच डोकं फिरायची वेळ आली तर मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस, १४४१६. हे दोन नंबर आईच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या.

या वीकेण्डचं होमवर्क

एक. घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पुड्या, चूर्णं टेबलावर मांडा आणि फोटो काढा. डॉक्टरांनी दिलेल्या आणि आपण आपल्या मनाने आणलेल्या, दोन्ही. पुढच्या भेटीत तो फोटो डॉक्टरांना दाखवा आणि सरळ विचारा, "यातलं काय बंद करू?" स्वतःहून एकदम काही थांबवू नका, पण विचारायचं टाळूही नका. उरलेल्या गोळ्या कपाटात कुलपाखाली. विसरून दोनदा घेतल्या जातात.

दोन. महिन्याच्या सप्लिमेंटचं बजेट मोजा. त्याच पैशांत आठवड्यातले काही तास सोबतीला बाई किंवा मावशी मिळते का, चौकशी करा. बाबांना आंघोळ घालायला नसेल, पण संध्याकाळी सहा ते आठ नुसतं सोबत बसायला मिळेल. त्या दोन तासांत आईला देवळात जाता येईल, बहिणीशी फोनवर मनसोक्त बोलता येईल, किंवा नुसतं झोपता येईल.

तीन. आठवड्यातला एक दिवस घरून काम मागा, किंवा एक दिवस चारची गाडी पकडा. बाबांचा सगळ्यात कठीण तास एकदा स्वतः काढा, आईला घराबाहेर पाठवून. तिने फोनवर सांगितलेलं आणि आपण 'हं हं' करत ऐकलेलं सगळं त्या तासाभरात नीट समजेल.

आणि चार. बाबांना कसं वाटतंय हे आपण रोज विचारतो. यावेळी आईला विचारा, "काल रात्री तू किती तास झोपलीस?" ती म्हणेल, "माझं काय रे, चालतंय." तेवढ्यावर फोन ठेवू नका. उत्तर तासांत मिळेपर्यंत विचारत राहा.